मागच्या सीटचं वजन

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. मी फक्त जुन्या विलायती गाड्यांचं काम करतो. मॉरिस, ऑस्टिन, हिलमन. वडील हेच करायचे, त्यामुळे कुठला भाग कुठे मिळतो, कुठला घडवून घ्यावा लागतो आणि कशाचा नाद सोडून द्यावा, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझं नाव इलाही शिकलगार. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. गाडी आवाज करते तेव्हा कुठेतरी काहीतरी ढिलं झालेलं असतं, आणि शोधलं की ते सापडतं. आजवर तरी सापडत आलं होतं.

उन्हाळा लागता लागता बिरदेव कोळेकर माझ्याकडे आला. कवठे महांकाळच्या पुढच्या वाडीतला. घरची मेंढरं, शिवाय थोडी द्राक्षबाग. भाड्याच्या ट्रकवर त्यानं एक मॉरिस मायनर घालून आणली होती. चार दारांची, फिकट हिरवी. त्याचे वडील कोंडीबा फौजेत ड्रायव्हर होते. फौजेतून सुटल्यावर त्यांनी ती साताऱ्यातल्या एका अधिकाऱ्याकडून घेतली होती. धनगराच्या दारात मॉरिस, म्हणून आसपासची माणसं बघायला यायची, असं बिरदेव म्हणाला. ते सांगतानाही तो हसला नाही.

गाडी बरीच बरी होती. कोरड्या मुलखातली, त्यामुळे पत्र्याला गंज कमी. फक्त तळाचा पत्रा ठिकठिकाणी खाल्लेला आणि ड्रायव्हरच्या दाराची छोटी तिकोनी काच फुटलेली.

"ही काच कशानं फुटली?" मी विचारलं.

"मीच फोडली. दगडानं."

मग त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी बायको मंगल आणि मुलगी सोनम यांना घेऊन तो मेढ्याला गेला होता. मंगलचं माहेर तिथलं. परत येताना चढाला गाडी तापली. या गाड्यांचं ते नेहमीचंच. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, आणि मंगल म्हणाली, रानातला रस्ता आहे, दारं लावून जावा. तो ड्रायव्हरच्या दाराला बाहेरून किल्ली लावून जवळच्या घरी पाणी आणायला गेला. बाकीची दारं मंगलनं आतून लावून घेतली. वळणावरून त्यानं मागं पाहिलं तेव्हा सोनम मागच्या काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत होती.

"पाणी घेऊन आलो. गाडी तितंच. दारं आतनं लावल्याली. काचा वर. किल्ली माज्या खिशात, पर ती सुचलीच न्हाई, दगडच घातला. आत कोण न्हाई."

पोलिसांनी वेण्णा नदी पाहिली, रान पाहिलं, आणि मग बरेच दिवस त्यालाच विचारत राहिले. मेढ्याची माणसं त्याच्याशी बोलायची बंद झाली. चपला, पिशवी, अंगावरचा कपडा, काही म्हणजे काही सापडलं नाही.

"इलाहीभाई, हिला व्हती तशी करा. त्या दिशी सकाळी निगताना व्हती तशी."

करतो, म्हणालो.

आधी इंजिन उतरवलं. मग मागच्या चाकांवरचे कमानीचे पाटे काढले, कारण गाडी मागून खाली बसलेली होती, डावीकडे जास्त. पन्नास-साठ वर्षांत पाट्यांचा ताण जातोच. मिरजेतल्या लोहाराकडून ते नवीन वाक देऊन आणले, तपासले, बसवले. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तितकीच खाली. पुन्हा काढले. पाट्यांत दोष नव्हता. अॅक्सल सरळ होता. चाकांत हवा बरोबर होती.

अकिला, माझी बायको, दुपारचा डबा घेऊन आली होती. ती दारात थांबून गाडीकडे बघत राहिली.

"आवं, मागं कुणी बसलंय का?"

"कोण बसणार?"

"न्हाई, कोण बसल्यावर दिसती तशी दिसती, म्हणून इचारलं."

तिनं डबा ठेवला आणि नेहमी जेवायला बसते तिथे न बसता बाहेर लिंबाखाली जाऊन बसली.

त्याच आठवड्यात मागच्या दोन्ही काचांना आतून वाफ धरायला लागली. बाहेर सांगलीचा एप्रिल. पत्र्याला हात लावला तर भाजत होतं. वाफ फक्त काचेच्या खालच्या भागावर असायची. मी पुसायचो, दारं लावायचो, तासाभरानं पुन्हा यायची. तळाच्या गालिच्यात जुनी ओल असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग गालिचा उचलून पाहिला. तो इतका कोरडा होता की हातात त्याचा भुगा झाला. आत खोबरेल तेलाचा वास होता. उन्हात खेळून आलेल्या पोराच्या डोक्याला येतो तसा.

मला अंदाज नको होता, आकडा हवा होता. मार्केट यार्डात हळदीच्या गाड्या मोजायचा वजनकाटा आहे, त्यावर दादासो माझ्या ओळखीचा. गाडी टेम्पोत घालून नेली, टेम्पो भरून मोजला, गाडी उतरवून रिकामा मोजला. वडिलांच्या वेळचं या गाडीचं मॅन्युअल माझ्याकडे आहे. इंजिन वजा केल्यावर किती भरायला हवं, ते मला पाठ होतं.

जास्त भरलं. दादासोनं काटा शून्यावर आणून पुन्हा मोजलं. तितकंच.

"डिकीत काय ऱ्हायलंय का बगा," तो म्हणाला.

डिकी रिकामी होती. जास्तीचं वजन एखाद्या बाईचं आणि एका लहान मुलीचं मिळून होईल, साधारण तेवढं होतं. मी ते मनात आणलं आणि लगेच काढून टाकलं. काटा ट्रकचा, बारीक वजनात चुकत असेल.

आणि मी काम करत राहिलो. दुसरं काय करणार? काम मला येत होतं.

मागची सीट काढली. आतला काथ्या सडलेला, स्प्रिंगा मोडलेल्या. नव्या स्प्रिंगा, नवीन काथ्या, वर जुन्याच रंगाचं रेक्झिन शिवून घेतलं. गालिचा फेकला. छताचं आतलं कापड उतरवलं. दारांच्या आतले पुठ्ठे बदलले. निघालेलं सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलं. मग एका सकाळी बघतो तर गाडी मागून वर आलेली. पाट्यांनी अखेर ताण धरला म्हणून मला बरं वाटलं. काचाही स्वच्छ होत्या. अकिला आत येऊन जेवली.

तरी मी ती पुन्हा काट्यावर नेली. माझा स्वभावच तसा आहे. जुनी सीट आणि कापडं यांचं जितकं वजन होतं, त्याच्या कितीतरी पट गाडी हलकी झाली होती.

बिरदेवला निरोप पाठवला. तो आला तेव्हा मी गाडी उन्हात उभी केली होती. नवा हिरवा रंग, नवीन काच. इंजिन अजून चढवायचं होतं, पण बाकीचं काम मनासारखं झालं होतं. तो सरळ मागच्या दाराकडे गेला. दार उघडून त्यानं सीटवर हात ठेवला. मग आत वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"तुमी आतनं काय काढलं?"

मी सांगितलं.

"कमी झाल्या," तो म्हणाला. "इलाहीभाई, त्या कमी झाल्या."

मी त्याला आत नेऊन बसवलं. त्याला सगळं माहीत होतं. दोन वर्षं तो रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसत होता. त्याला मागून कधी हाक आली नव्हती, कधी काही दिसलं नव्हतं. फक्त मागे कुणीतरी बसलेलं असतं तेव्हा पुढच्या माणसाला कळतं, तेवढंच त्याला कळायचं.

"मला वाटलं, गाडी त्या सकाळसारकी झाली तर त्यास्नी दार उघडंल."

मीही मग वजनाचं सांगितलं. काचांचं सांगितलं. तो ऐकत होता आणि मान हलवत होता. एखाद्या आजारी माणसाची खबर ऐकावी तसा.

"जुनं कुटं हाय?"

आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. स्प्रिंगा दाबून लोखंडाच्या गठ्ठ्यात गेल्या होत्या. काथ्या जाळला होता. कापडाचं काय झालं, ते त्याला आठवत नव्हतं. बिरदेव राखेजवळ उकिडवा बसला. त्यानं राखेत बोटं घातली आणि तिथेच राहू दिली. मी उभा होतो. माझ्या हातांनी मी जे जे नीट केलं होतं, ते मोजत होतो.

जाताना तो म्हणाला, "एकदा काट्यावर घ्या."

घेतली.

दादासोनं आकडा सांगितला. मी मनात वजाबाकी केली. अगदी थोडं उरलं होतं. गव्हाच्या अर्ध्या पोत्याइतकंही नाही.

बिरदेव माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कोण ऱ्हायलंय?" त्यानं विचारलं.

काटा तेवढं सांगत नाही.

त्यानं इंजिन चढवू दिलं नाही. आणखी एकही पेच फिरवू नका, म्हणाला. इंजिन गोणपाटात गुंडाळून डिकीशेजारी ठेवलं आणि आली तशीच ट्रकवर घालून गाडी गेली.

दिवाळीनंतर मला कवठे महांकाळला एका कामासाठी जावं लागलं. खरं सांगायचं तर ते काम मी काढलं होतं. वाडीत विचारत विचारत घर सापडलं. बिरदेवची आई तानुबाई अंगणात चुलीपुढं बसली होती. मी सांगलीचा गाडीवाला, एवढं म्हटल्यावर तिनं मला ओळखलं.

"बरं झालं आलास. बग बाबा त्येच्याकडं. माजं काय ऐकत न्हाई."

बागेच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिच्यात मॉरिस उभी होती. बिरदेव स्टेअरिंगमागे बसला होता. मी जवळ जाईपर्यंत तो तोच आहे हे मला कळलं नाही. गळ्याची हाडं वर आली होती. मनगट इतकं बारीक की घड्याळ कोपराकडे सरकलं होतं.

"इलाहीभाई," तो म्हणाला. आवाज आनंदाचा होता.

मी गाडीकडे पाहिलं. माझी नजर आपोआप मागच्या चाकांवर जाते.

गाडी मागून खाली बसली होती. डावीकडे जास्त.

"किती दिवस झाले खाली उतरून?" मी विचारलं.

"उतरलो की त्या कमी हुत्यात," तो म्हणाला. "आता न्हाई उतरायचं. आता लय चांगलं चाललंय."

"अहो, डॉक्टरकडं चला. माझ्याबरोबर चला. संध्याकाळी परत सोडतो."

त्यानं नको म्हणून मान हलवली. मी दार उघडून त्याच्या खांद्याखाली हात घातला. उचलायचंच, असं ठरवून घातला. वजन लागलंच नाही. शर्टात हात घातल्यासारखं झालं. मी घाबरून त्याला परत टेकवला आणि दार लावून घेतलं. तो माझ्यावर रागावला नाही. समोरच्या काचेतून बागेकडे बघत राहिला.

तेवढ्यात तानुबाई जेवण घेऊन आली. तीन ताटं. एक तिनं बिरदेवच्या मांडीवर ठेवलं, दोन मागच्या दारातून आत सारली. मग दार लावून ती माझ्याशेजारी येऊन दगडावर बसली.

"पयली मी लय भांडली," ती हळू आवाजात म्हणाली. "मग म्हणलं, ठेवायला काय जातंय. पोरगं तेवडंच खाईल."

"खातो का?"

"त्यो न्हाई खात."

आम्ही बसून राहिलो. शेडचा पत्रा उन्हानं तडतडत होता. दूर कुणीतरी मेंढरं हाकत होतं. गाडीकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी एकदा पाहिलं. बिरदेवचं डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले. ओठांवर हसू होतं.

काही वेळानं तानुबाई उठली. तिनं ताटं बाहेर काढली.

बिरदेवचं ताट तसंच होतं. भातावर साय धरावी तशी आमटी सुकलेली.

दुसरं ताट पुसून घेतल्यासारखं स्वच्छ.

तिसऱ्यातली भाकरी मधूनच खाल्लेली होती. भाजलेल्या कडा तोडून ताटाच्या काठाला एकीपुढं एक मांडून ठेवल्या होत्या.

तानुबाईनं त्या कडा गोळा केल्या, मागच्या दारातून हात आत घातला आणि नातवंडाला दटावतात त्या आवाजात म्हणाली, "कडा बी खायाच्या असत्यात, बाय."

तिनं हात तसाच धरून ठेवला. बाहेर घेतला तेव्हा तो रिकामा होता.