मागल्या दारचे सात खिळे

मुळगावात त्या दिवशी अकरा घरांनी प्रज्योतला नाही म्हटलं होतं.

नाही म्हणायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कोणी कुत्रा सोडला, कोणी चहा पाजून मग नाही म्हटलं. एका म्हाताऱ्या भाटकाराने, जमीनमालकाने, त्याच्या खांद्यावरचं धातू शोधायचं मशीन न्याहाळत विचारलं, "सोनं मेळलं तर कोणाचं?"

"सरकारचं," प्रज्योत म्हणाला.

"मग सरकाराक विचार. माझ्याकडे कित्याक आलास?"

प्रज्योत दिचोलीचा. इतिहासात एम. ए. झालेला, कॉलेजात तासांवर शिकवणारा, आणि गावागावांतून जुन्या वस्तीच्या खुणा शोधत हिंडणारा. खनिजाच्या ट्रकांसाठी मुळगावच्या कडेने नवा रस्ता निघायचा होता, थेट ओहळाकाठच्या कुळागरांच्या, माडा-पोफळींच्या बागांच्या पोटातून. त्या जागी एके काळी बाजार भरत होता, असं प्रज्योतचं ठाम मत होतं. रविवारी ग्रामसभा होती. चार जुनी नाणी, निदान एक, लोकांपुढे ठेवता आलं तर रस्ता अडवता येईल. हातात तीन दिवस होते.

तरी विचारल्याशिवाय तो कोणाच्या जमिनीत पाऊल टाकत नसे. त्यासाठी त्याने छापील कागदच करून घेतला होता. सापडेल ते आधी घरच्यांना दाखवीन, खात्याला कळवीन, खड्डा बुजवीन, मालक नको म्हणेल तिथे हात लावणार नाही. खाली मालकाच्या सहीची जागा. या कागदाचा त्याला अभिमान होता.

बारावं घर ओहळाकडचं, शेवटचं. निलेशचं. तो खाणीवर ट्रक चालवायचा, आणि त्याचंच मागलं कुळागर रस्त्यात जाणार होतं. त्यामुळे त्याने कागद पुरता वाचलासुद्धा नाही.

"सही खंय करूं सांग मरे! आमचे माड-पोफळी वाचले तर तुझा फोटो देवाच्या शेजारी लावीन."

"मेलेल्यांचे लावतात ते," आतून त्याची बायको गौरवी म्हणाली आणि स्वतःच हसली. आठवा महिना सरत आला होता तिचा. पोटावर हात ठेवून ती सोप्यावर येऊन बसली. "सर, हे मशीन सगळ्याक ओरडता?"

"सगळ्याला नाही. ज्याची त्याची वेगळी बोली." प्रज्योतने मशीन सुरू करून थाळी जमिनीलगत फिरवली. गौरवीच्या पायांजवळ येताच बारीक, उंच सूर निघाला. "ही चांदी. तुमची जोडवी." मग थाळी दारातल्या कोयत्याकडे नेली. बसका, घोगरा आवाज आला, घसा धरलेल्या माणसाने हुंकार द्यावा तसा. "आणि हे लोखंड."

तो आवाज ऐकताच दारात उभी असलेली निलेशची आई, शेवंती, पुढे आली. साठीची, बारीक चणीची बाई. 

"हो आवाज लोखंडाचो?"

"होय, काकी."

"मग एक ऐक, पुता. चांदी काढ, तांबें काढ, जें आसा तें काढ. पूण मागल्या दारी हो आवाज आलो तर हात लावू नाका."

"का हो?"

शेवंतीने गौरवीच्या पोटाकडे पाहिलं. "तसंच," ती म्हणाली. मग जरा हळू, पुन्हा एकदा, "लावू नाका."

"नाही लावणार," प्रज्योत म्हणाला, आणि कागदावर निलेशच्या सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: लोखंडाला हात लावणार नाही.

तेवढ्यात बाहेर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला. पोंऽपों. मागोमाग हाक आली, "येऊं?"

शेवंती उठून खिडकीपाशी गेली. "कोण तें?"

"पोदेर गो! आणि कोण?"

"आं, ये."

प्रज्योतला हसू आलं. "काकी, भोंगा दिचोलीपर्यंत ऐकू जातो. आणखी कोण असणार?"

"या घरात नाव कळल्याबगर कोणाक 'ये' म्हणत नात," शेवंती म्हणाली, आणि उंडे पाव मोजून टोपलीत ठेवू लागली.

तिसऱ्या प्रहरी निलेश पाळीवर गेला. गौरवी मागल्या पडवीला लागून असलेल्या खोलीत जाऊन पडली. प्रज्योत कानाला हेडफोन लावून कुळागरात उतरला.

दोन तास काहीच नाही. बाटलीची बुचं, एक मोडकी कडी, पत्र्याचा तुकडा. पोफळींच्या सावल्या लांबत गेल्या. ओहळाच्या पाण्याचा आवाज हेडफोनमधूनही येत होता. पाऊस संपून महिना झाला होता, माती अजून मऊ होती. रविवार त्याच्या डोक्यात घणासारखा वाजत होता.

मग ओहळाच्या काठाशी, पायवाटेच्या मधोमध, तो सूर आला. उंच. स्वच्छ. चांदीचा.

तो गुडघ्यांवर बसला आणि हाताने माती उकरू लागला. वीतभर खोल गेल्यावर बोटांना काहीतरी गार लागलं. त्याने ते ओढलं.

खिळा होता. हातभर लांब, चौकोनी अंगाचा, लोहाराने ठोकून केलेला. गंजून फुगलेला.

जाड गंज चढलेलं लोखंड कधीकधी मशीनला फसवतं, हे त्याला माहीत होतं. त्या क्षणी खिळा परत ठेवायला हवा होता, हेही माहीत होतं. पण त्याच वाटेवर, घराच्या दिशेने सहा पावलांवर, पुन्हा तोच उंच सूर आला. आणि पुढे सहा पावलांवर पुन्हा. एका रेषेत. सारख्या अंतराने.

दुकानांची रांग! मांडवांच्या मेढी! बाजार इथेच होता. काकींनी बसक्या आवाजाला हात लावू नको म्हटलं होतं. हा तर उंच आवाज. दिलेला शब्द कुठे मोडतोय? तो स्वतःशीच असा वाद घालत राहिला आणि हात माती उकरत राहिले. दुसरा निघाला, तिसरा, चौथा... सहाव्यापर्यंत तो घराच्या अगदी जवळ आला होता. सातवा मागल्या दाराच्या पायरीलगत होता. तो सहज येईना. दोन्ही हातांनी हलवत, दात आवळून त्याने तो ओढला, तेव्हा जमिनीतून ओली, कोंडलेली हवा वर आल्यासारखं वाटलं.

सातही खिळ्यांची टोकं घराच्या उलट दिशेला, ओहळाकडे कललेली होती. मेढीचे खिळे असे तिरके कशाला ठोकतील, हा प्रश्न त्याच्या मनात आला. त्याने तो बाजूला सारला.

शेवंती देवळात सांजवात लावायला गेली होती. प्रज्योत मागल्या पडवीत आला, मशीन दाराच्या चौकटीला टेकवून ठेवलं. हेडफोन काढला होता. मशीन बंद करायचं राहून गेलं. बाकावर वर्तमानपत्र पसरून तो खिळे पुसू लागला, फोटो काढू लागला. बाहेर उजेड करडा झाला. रातकिडे एकदम सुरू झाले आणि तितकेच एकदम थांबले.

"येऊं?"

बाईचा आवाज. मागल्या दाराबाहेरून. हळू, जरा दमलेला, दुरून चालत आलेल्या माणसाचा.

प्रज्योत खिळ्याचं माप घेत होता. त्याने मान वर केली नाही. शेजारीण असेल, त्याला वाटलं.

"...येऊं मगे?"

दिवसभर अकरा दारांत त्याने हेच विचारलं होतं. दारात ताटकळणं काय असतं, ते त्याला आज चांगलंच कळलं होतं.

"या ना, या," तो म्हणाला.

कोणी आलं नाही. पण मशीन वाजलं.

बसका, घोगरा हुंकार. मग जरा थांबून, पाऊल टाकायला लागेल तेवढाच वेळ थांबून, पुन्हा एकदा. लोखंड. मग लोखंड. मग शांतता.

प्रज्योतने मान वर केली. दारात कोणी नव्हतं. उंबऱ्यापलीकडे नुसती काळवंडलेली माती आणि त्याने उकरलेला खड्डा. पडवीत एक वास भरू लागला. ओव्याच्या धुरीचा, हळदीचा, ओल्या धडप्यांचा. बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. पण या घरात अजून कोणी बाळंत झालं नव्हतं...

आतल्या खोलीत गौरवीची खाट करकरली. कोणीतरी जपून काठावर बसावं तशी.

"वहिनी?" त्याने हाक मारली.

त्याने कान दिला. संथ श्वासाचा आवाज येत होता. एकीचा की दोघींचा, हे ठरवायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने झटक्यात मशीन बंद केलं आणि बाहेर अंगणात येऊन उभा राहिला.

शेवंती आली ती पुढल्या दाराने. पडवीत आली, बाकावरचं वर्तमानपत्र पाहिलं, आणि हातातली तेलाची वाटी तिने खाली ठेवली. आरडाओरड केली नाही. प्रज्योतचं मनगट धरून त्याला खेचत विहिरीपाशी नेलं.

"माझ्या आदली एक होती," ती कुजबुजली. "निलेशाच्या बापायची पयली बायल. ह्याच खोलीत बाळंतपणात गेली. पोर पोटातच रवलं. ती परत येऊंक नाका म्हणून सासऱ्यान तिच्या पायांत, आणि मगीर ओहळाकडसून दारापर्यंत वाटेर खिळे मारले. मी लग्न होऊन आयलें तेव्हा पयलें तेंच दाखयलें माका. पोरीक कसं सांगू रे हें, ह्या दिसांनी?"

"काकी, मला माहीत नव्हतं... मी आत्ता परत ठोकतो. सगळे."

"थांब!" तिची बोटं त्याच्या मनगटात रुतली. "पयलें माका खरें सांग. कोणी हाक मारली? 'येऊं' म्हणून कोणी विचारलां?"

प्रज्योतने मोकळा हात पँटला पुसला.

"ती विचारता. विचारल्याबगर येऊंक शकना. कोणी जाब दिलो नसलो तर ती भायरच आसा. ठोक मग बेगीन. पूण कोणी 'ये' म्हटलं आसत..." ती थांबली. "तर ठोकू नाका, पुता. ठोकलेस तर ती आतच रवतली. मग मंत्र मारपी घाड्याक हाडून, तिका भायर काढून मगीर ठोकचें पडटलें. म्हणून विचारतां. कोणी हाक मारली?"

त्याला सगळं आठवत होतं. स्वतःचा आवाजही. पण त्या म्हाताऱ्या डोळ्यांपुढे ते सांगायची त्याला लाज वाटली. आपण शिकलेला माणूस, रविवारी गावापुढे उभा राहणार, आणि आज सांगणार की एका मेलेल्या बाईला मी घरात बोलावलं? मशीन बिघडलं असेल. शेजारीण परत फिरली असेल.

"नाही हो काकी," तो म्हणाला. "कोण हाक मारणार?"

शेवंतीने लांब श्वास सोडला. आत जाऊन हातोडा घेऊन आली.

मोबाइलच्या उजेडात त्याने ओहळापासून सुरुवात केली. सातही खिळे, त्याच भोकांत, त्याच तिरक्या कलाने. शेवटचा दाराच्या पायरीशी. त्याच्यावर तिसरा घाव पडला तेव्हा आतून गौरवीचा आवाज आला. झोपेतून उठल्यासारखा, बसका.

"कोण ठोकता तें?"

रस्त्याचं पुढे काही ठरलं नाही. ग्रामसभेत नुसती भांडणं झाली आणि विषय पुढे ढकलला. प्रज्योतकडे दाखवायला एकही नाणं नव्हतं, आणि खिळ्यांचे फोटो त्याने पुसून टाकले होते. पुढले कितीतरी दिवस तो फोन वाजला की दचकायचा. मग एका सकाळी निलेशचाच फोन आला. दिचोलीच्या इस्पितळात मुलगी झाली. बाळ आणि बाळंतीण दोघीही सुखरूप. "बारशाक ये मरे! आणि तुझें मशीन हाड, पावण्यांक दाखवूया."

प्रज्योत फोन ठेवून कितीतरी वेळ हसत राहिला. एकटाच.

बारशाला घर भरलेलं होतं. निलेशने सगळ्यांदेखत मशीन सुरू करायला लावलं. आत्या-मावश्या बांगड्यांचे हात पुढे करत होत्या, मशीन उंच किणकिणत होतं, हशा पिकत होता. शेवंतीही कोपऱ्यात खुर्चीवर बसून पहिल्यांदाच मनापासून हसत होती.

गौरवी बाळाला खांद्यावर घेऊन आतल्या खोलीतून आली. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. पायांत जोडवी झळकत होती. ती प्रज्योतच्या समोरून, जमिनीवर टेकलेल्या थाळीच्या अगदी जवळून चालत गेली.

मशीन वाजलं. बसकं, घोगरं.

दुसरं पाऊल. पुन्हा तसंच.

कोणाच्या लक्षात आलं नाही. पाळण्याभोवती बायका गाऊ लागल्या होत्या. फक्त कोपऱ्यातल्या शेवंतीचं हसू थांबलं. तिने मशीनकडे पाहिलं, सुनेच्या पायांकडे पाहिलं, मग प्रज्योतकडे.

"पुता," ती म्हणाली. आवाज जेमतेम त्याच्यापर्यंत पोचला. "त्या दिसा... कोणी हाक मारली नव्हती मरे?"

त्याचे ओठ हलले. पण त्याच्याआधी गौरवी बोलली. मागे न वळता, बाळाची पाठ थोपटत, त्याने विहिरीपाशी वापरलेल्या त्याच शब्दांत, त्याच्याच सुरात.

"नाही हो काकी. कोण हाक मारणार?"

आणि ती पाळण्याकडे तिसरं पाऊल टाकती झाली.