शपथेच्या आधी

चौदा खुर्च्या, अकरा माणसं, कोपऱ्यात एक झेंडा, काउंटरवर लोशनची एक बाटली आणि माझी दहा बोटं. त्यांतली मशीनला वाचता आली फक्त चार.

"काम काय करता तुम्ही?" ठसे घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"औषधांच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर हात धुणं, अल्कोहोल, ग्लोव्ह्ज..."

"तरीच! चोर मुद्दाम घासून घालवतात. तुमचे फुकटातच गेले." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. अमेरिकन सिटिझनशिपसाठी माझे ठसे एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले, तर गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिले तिथल्या पोलिसांचे दाखले आणावे लागणार होते. बाईंना दया आली असावी. "आजचे पाठवत नाही. हात जपा आणि तीन आठवड्यांनी या," त्या म्हणाल्या.

मी वळले, तर मागच्या खुर्चीवरून मराठीत आवाज आला, "साय लावा."

"काय?"

"दुधाची साय. झोपताना. रेखाकाकूंचे ठसे असेच पुसले होते, भांडी घासून. आज सगळे उमटले." त्याच्या शेजारी बसलेल्या काकूंनी दोन्ही तळवे मला विजयाने दाखवले. "मी सिद्धेश, नागपूरचा. काकूंचा भाडेकरू आणि ड्रायव्हर."

"म्हणून तर भाडं कमी घेते हो!" काकू म्हणाल्या.

"सायीबद्दल काही डेटा आहे?" मी विचारलं.

"सँपल साइझ एक," तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्ही लावलीत तर दोन होईल."

मी पुण्याहून आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. ग्रीन कार्ड बाबांच्या नोकरीमुळे मिळालं. पुढे आईबाबा परत गेले, मी शिकायला राहिले, आणि शिक्षण संपल्यावरही राहिले. इतकी वर्षं इथे राहून साय लावायचा सल्ला मला कुणी दिला नव्हता.

मग सायीचा परिणाम बघायला शनिवारी आम्ही आमच्या कॅरी गावच्या लायब्ररीत भेटू लागलो. मी लॅबमधलं भिंग न्यायचे. तो माझी बोटं एकेक करून तपासायचा आणि रिपोर्ट द्यायचा.

"उजवी तर्जनी, प्रगती आहे. अंगठा मात्र आळशी आहे यार."

"बघायचंय ना? मग धरलंस कशाला?"

"फोकस हलतो..." तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

दहाही बोटं पास झाली. पुढे मुलाखतही झाली. शनिवार तसेच चालू राहिले. भिंग न्यायचं मी बंद केलं. हात तो तसाही बघायचा.

संक्रांतीला काकूंनी जेवायला बोलावलं. गुळपोळीवर तूप वाढता वाढता त्या म्हणाल्या, "सिद्धेशच्या व्हिसाची सहा वर्षं भरत आली गं. उन्हाळ्यात तो संपतो, आणि कंपनीने याची ग्रीन कार्डची फाइलच केली नाही. तू एकदा सिटिझन झालीस की याचं काम झालंच म्हणायचं. घरचंच ग्रीन कार्ड!"

टेबलाभोवती सगळे हसले. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. सिद्धेशने हातातला घास ताटात ठेवला. "पाणी आणतो," म्हणून तो उठला आणि बराच वेळ आला नाही.

पुढच्या शनिवारीही तो आला नाही. फोनवर म्हणाला, "ऑफिसमध्ये सॉफ्टवेअरचं रिलीज आहे." महिन्याभराने काकूंकडूनच कळलं, त्याने पुण्याची नोकरी घेतली होती.

मला राग आला. आणि रागाच्या खाली एक शंका होती, तीच मला जास्त त्रास देत होती. काकूंचं वाक्य माझ्याही डोक्यात राहिलं होतं. तो माझ्याकडे बघतो तेव्हा काय बघतो, मला की ग्रीन कार्ड? दोन कारणं एकाच वेळी हजर असली की परिणाम कशाचा, हे सांगता येत नाही. एक कारण बाजूला काढावं लागतं. ते कसं काढायचं, हे मला बरेच दिवस सुचलं नाही.

सिटिझनशिपची शपथ शार्लट शहरात होती. तिथे न्यायचं त्याने पूर्वीच कबूल केलं होतं, आणि तो शब्दाला जागला. वाटभर तो फक्त वायपर, एक्झिट आणि ट्रॅफिक यांच्याबद्दल बोलला. हॉलच्या पार्किंगमध्ये गाडी लावून म्हणाला, "पोचलो. तू जा, मी थांबतो इथेच."

"वेळ आहे अजून." मी पर्समधून ग्रीन कार्ड काढलं. "आत गेल्यावर हे घेतात."

"माहीत आहे."

"ग्रीन कार्डवालीशी लग्न केलं तर नवऱ्याला कार्डासाठी किती थांबावं लागतं?"

"तीन-चार वर्षं... सिटिझनशी केलं तर रांग नसते. का?"

"म्हणजे आत्ता या घडीला मी तुझ्या काहीच उपयोगाची नाही."

"आश्लेषा, काय बोलतेस तू—"

"ऐक ना. शपथेनंतर विचारलं आणि तू हो म्हणालास, तर तुला स्वतःची शंका येणार. मलाही कधीतरी तुझी. म्हणून आत्ता विचारते. माझ्याशी लग्न करशील?"

त्याने वायपर बंद केले. समोरची काच हळूहळू धूसर झाली.

"थोड्या वेळाने तू सिटिझन होणारच आहेस," तो म्हणाला. "मग फरक काय पडला?"

"तू म्हण. मी आत जात नाही. वळव गाडी."

मी हे खरंच म्हणत होते. त्याला ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

"वेडी आहेस का? साय लावून लावून ठसे उगवून आणलेस..." तो माझ्याकडे वळला. "पुण्याची नोकरी मी का घेतली असेल? व्हिसा संपल्यावर, तिकडे पोचल्यावर तुला फोन करणार होतो. हेच विचारायला. तेव्हा कुणाला काही म्हणता आलं नसतं. काकूंना नाही, आणि मलाही नाही."

"आणि मी नाही म्हणाले असते तर?"

"पुण्यात मिसळ तरी चांगली मिळते."

नागपूरकर पुण्याच्या मिसळीचं कौतुक करत होता, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

"उत्तर दे," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "हो. पण पुण्याला मी जाणार. त्यांना शब्द दिलाय. वर्षभर तरी... चालेल?"

"चालेल. मी येईन भेटायला. तिकडे यायला आता मलाच व्हिसा लागेल."

आम्ही दोघेही हसलो नाही. माझा भारतीय पासपोर्ट पर्समध्येच होता. बाहेर छत्र्या उघडून, ठेवणीतले कपडे घालून माणसं हॉलच्या दाराकडे चालली होती.

"शपथेच्या कागदावर एक प्रश्न आहे," मी म्हणाले. "मुलाखतीनंतर लग्न केलंय का? मी 'नाही' लिहिलंय."

"खरंच आहे ते."

"ठरवलंय का, असं कुठे विचारलेलं नाही."

आता तो हसला.

"तू इतका शांत कसा?"

"कोण म्हणतं शांत आहे?"

मी त्याचं मनगट धरलं. अंगठ्याच्या बाजूला नाडी सापडली. घड्याळाकडे बघत मी मोजली. पंधरा सेकंदांत एकतीस ठोके. मिनिटाला एकशे चोवीस.