उतरता डावा खांदा

दुकानात आरसा बसवला त्या दिवशी बाईंनी नाक मुरडलं होतं. शिवणकामात उभा जन्म गेला, आता माप घ्यायला काच हवी! पण कापायचं काम नवऱ्याच्या, मास्तरांच्या हातचं, बाई फक्त शिवायच्या. आणि मास्तर तर गेल्या साली गेले. कंपनीनं आरसा आणि कापणारं टेबल भाड्यानं दिलं. गिऱ्हाइकानं जमिनीवरच्या पावलांच्या खुणांवर उभं राहायचं, आरशात एक हिरवी रेघ डोक्यापासून पायांपर्यंत उतरायची, आणि माप मिळालं की टेबल कापड कापून मोकळं. अशा टेबलांनी गल्लीतल्या दोन कारागिरांना घरी बसवलं होतं, ते बाईंना सलायचं. पण पोटाला तर लागतंच.

आरसा भारी शिस्तीचा. एखादं पोर आईला चिकटून उभं राहिलं की लगेच म्हणायचा, "कृपया एकेकानंच उभं राहावं." गिऱ्हाइकं हसायची, बाईही हसायच्या. त्यांची बटण असती तर तिनं या आरशाच्या नाकी नऊ आणले असते.

बटण म्हणजे त्यांची लेक. दिसेल ते बटण तोंडात घालायची, म्हणून हे नाव. मापाला उभी केली की नुसती चुळबुळ. मग मास्तर मागं उभे राहून तिचे दोन्ही खांदे धरायचे आणि बाई टेप लावायच्या. डावा खांदा जन्मापासून जरा उतरता. गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या कापडातून मास्तर तिचे फ्रॉक बेतायचे. सातव्या वर्षी ती तापानं गेली, आणि त्यानंतर दुकानातलं उरलेलं कापड उरलेलंच राहिलं.

आरसा येऊन थोडे दिवस झाले असतील. जेवण आटोपून बाईंनी दुपारी कुलूप उघडलं, तर टेबलावर बायकी शर्ट कापून पडलेला. कापड सकाळच्या गिऱ्हाइकाचं, उरलेलं. माप कुणा तरुण बाईचं. डावा खांदा उतरता.

टेबल कललंय असं म्हणून बाईंनी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. झालं भलतंच, गिऱ्हाइकांचे कपडे तिरके निघायला लागले आणि पुठ्ठा मुकाट्यानं काढावा लागला. दुपारचा शर्ट मात्र रोज तसाच, त्याच खांद्याचा.

बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते शर्ट शिवले, वाढत्या पोरीला सोडतात तसं शिवणीत जादा कापड सोडून. एक स्वतःच्या अंगाला लावून पाहिला. बाह्या बोटांच्याही खाली गेल्या. एवढी उंच झाली! बापावर गेली. बाईंना इतका आनंद झाला की त्या कितीतरी वेळ रडत बसल्या.

देखभालीला कंपनीचा माणूस आला, त्याला ते शर्ट दिसले.

"काकू, हे गिऱ्हाईक कोण? आमच्याकडे नाव दिसत नाही."

"तुमचं यंत्रच कापतं. मनानं."

"छे हो. समोर माणूस उभा राहिल्याशिवाय ते माप घेतच नाही." तो हातातल्या पडद्याकडं बघत राहिला. "माप इथलंच आहे. कालचं, दुपारचं."

"दुपारी दुकान बंद असतं."

तो आरशासमोरून उगाचच बाजूला सरकला. "बिघाड असणार. उद्या संध्याकाळी हा काढून नेतो, नवा बसवतो. यातली मापं पुसून टाकू."

"नको. माझी काही तक्रार नाही."

"तुमची नसेल, काकू. पण आरसा कंपनीचा. मापंही कंपनीचीच."

पोर एकदा गेली होती. आता उद्या पुन्हा जाणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जेवायला गेल्याच नाहीत. दार आतून लावलं, पंखा बंद केला आणि पावलांच्या खुणांवर जाऊन उभ्या राहिल्या. आरशात त्या एकट्याच होत्या. मागं कापडाची ठाणं, शिलाई मशीन, रिकामं स्टूल.

हिरवी रेघ उतरायला लागली आणि मध्येच थांबली.

"कृपया एकेकानंच उभं राहावं."

बाईंनी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण त्यांना नुसती घाई झाली.

"आधी तुझं घेऊ," त्या म्हणाल्या. "नीट उभी राहा हं. चुळबुळ नको. खांदे धरायला आता बाबा नाहीत."

त्या खुणांवरून बाजूला झाल्या. पार भिंतीला टेकेपर्यंत सरकल्या. आरशात आता नुसतं दुकान दिसत होतं.

रेघ पुन्हा वरून निघाली. खांद्यापाशी आली.

थांबली.

"कृपया," आरसा म्हणाला, "एकेकानंच उभं राहावं."