बिनकानाचा कप

कोळारच्या गोदामावर वीज गेली की राखणदार गुंडेराव खुर्ची अंगणात काढतो आणि रात्रपाळीची मंडळी त्याच्याभोवती गोणपाटं टाकून बसतात. त्या रात्री त्यांच्यातल्या चन्नवीरनं त्याच्या हातात चहा दिला. गुंडेरावनं आधी अंधारात कपाचा कान चाचपला, मगच घोट घेतला. सगळे हसले.

"हसा," तो म्हणाला. "राजेश्वर गावच्या विलासला इचारा, मी कान कामून चाचपतो ते."

विलास गुंडेरावच्या मळ्याशेजारचा. तुरीचा व्यापार, दारात जीप, घरात आई पार्वतीबाई आणि बायको दीपमाला. दीपमालाची दोन लेकरं सातव्या महिन्यातच गेलेली. आता तिसऱ्यांदा सातवा लागला होता. अंधार पडला की तिला धडकी भरायची, पोट दगडासारखं व्हायचं. डॉक्टरीण सांगून गेली होती, हिला गाडीत हलवू नका, मन शांत ठेवा, नाहीतर हेही लेकरू हाती लागायचं नाही.

मन शांत करणारी गावात एकच बाई होती, सावित्रम्मा. चर्चमागच्या वस्तीत राहणारी विधवा. चर्चची झाडलोट करायची आणि कुणाच्याही घरी आजारपण आलं की न बोलावता जाऊन प्रार्थना करायची. दर शुक्रवारी ती विलासकडं यायची, उंबऱ्याबाहेर बसायची आणि तिथूनच देवाशी बोलायची, मराठी-कानडी मिसळून, घरच्या माणसाशी बोलावं तसं. त्या रात्री दीपमालाला गाढ झोप लागायची.

प्रार्थना झाली की पार्वतीबाई तिलाच गोठ्याच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप काढायला लावायची आणि वरून चहा ओतायची. सावित्रम्मानं तो प्यायचा, आपणच विसळायचा, कोनाड्यात पालथा घालायचा. तिची पाठ वळली की उंबऱ्यावर गोमूत्र. प्रार्थना आत चालायची, करणारी चालायची नाही. इथं गुंडेराव बाजूला थुंकला. नुसतं सांगतानाही तोंड खराब होतं, म्हणाला.

दोन हजार चोवीसची एकतीस डिसेंबर. मंगळवार. दुपारी सावित्रम्माची लेक स्नेहा धापा टाकत विलासच्या दारात आली. आईच्या छातीत कळ आली होती, उलट्या होत होत्या, दवाखान्यापुरती जीप हवी होती. विलासला जीपच्या सीटवरचं नवं कव्हर आठवलं. त्यावर ती वस्तीतली म्हातारी ओकणार, या नुसत्या विचारानं त्याला शिसारी आली. जीप पंक्चर हाय, म्हणाला. चारही चाकं हवेनं टम्म होती. पोरगी चाकांकडं बघत घडीभर उभी राहिली. मग पळत गेली.

आणि त्याच रात्री साडेदहाला दीपमालाच्या पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टरीण फोन उचलेना. दीपमाला एकच बोलत होती, सावित्रम्मा अक्काला आणा.

पार्वतीबाई म्हणाली, ती तर आजारी होती म्हणं. विलास म्हणाला, "उलटीच तर झालती. उठली असंल आता."

लाज न्हाई. इचारपूस न्हाई. त्यानं मोटारसायकल काढली.

ख्रिस्ती लोक सालाची शेवटची रात्र चर्चमध्ये जागून काढतात. सरल्या वर्षाचं दुःख देवापुढं ठेवतात आणि बाराच्या घंटेला नवं साल घेतात. चर्च उजळलेलं होतं. आत गाणं चाललं होतं, यंदा फार संथ. विलासला आत जावंच लागलं नाही. सावित्रम्मा अलीकडं रस्त्यातच उभी होती. पांढरं लुगडं, छातीशी प्रार्थनेचं पुस्तक, पाय अनवाणी.

दीपमालाला बरं न्हाई, चला, एवढंच तो बोलला. मागं बसा म्हणाला नाही. ती पुढं चालू लागली. तो तिच्या पाठीवर उजेड टाकत, गाडी हळू हाकत मागून निघाला.

रस्ता मातीचा. तिच्या पायांनी धूळ उडत नव्हती...

त्यानं गाडी हळू केली. अंतर तेवढंच. वेग वाढवला. अंतर तेवढंच. ती मात्र सावकाश चालत होती.

घर आलं. उंबरा आला. ती थांबली नाही.

आत गेली. पार्वतीबाई भिंतीकडं सरकली. सावित्रम्मा पलंगावर टेकली. पहिल्यांदाच. दीपमालाच्या पोटावर हात ठेवला.

"प्रभू, हे लेकरू तुझं हाय. रात लई मोठी हाय, पर तू जागा हाइस. हिला निजू दे."

हात तिथंच राहिला.

पोट सैल पडलं. श्वास लांब झाला. दीपमाला झोपली.

लांब चर्चची घंटा झाली. बारा. पार्वतीबाईनं सवयीनं चहा आणला. त्याच कपात. सावित्रम्मानं कप हातात घेतला. फिरवून बघितला.

"तुमच्या घरात दुसरे कप हाईत का, विलासअप्पा?"

तिनं भरला कप स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवला आणि चालती झाली. फाटक वाजलं नाही...

सकाळी गुंडेरावच सांगायला गेला. सावित्रम्मा गेली. काल साडेचारला, भाड्याचा ऑटो मिळेपर्यंत उशीर झाला, वाटेतच. रातभर तिला चर्चमध्ये ठेवलं होतं, सगळे तिच्याभोवती बसून गात होते.

"रात्री तर ती इथं..." विलास म्हणाला.

आतून दीपमालाची हाक आली. रातभर डोळा लागला, लेकरू लाथा मारायलंय, म्हणाली, आणि चहा मागितला. मार्चमध्ये तिला धडधाकट पोरगी झाली, पण ते नंतरचं. त्या सकाळी पार्वतीबाई स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच येईना. विलास गेला. पाठोपाठ गुंडेराव.

कट्ट्यावरचा कप कट्ट्यावर नव्हता. कोनाड्यातही नव्हता. फळीवर दीपमालाच्या माहेरचे बारा फुलाफुलांचे कप असायचे. गुंडेरावनं दोनदा मोजले. तेरा भरले. तेराही एकाच नक्षीचे, कुठला कुणाचा ते ओळखू येईना. खाली एक टवका पडलेला नव्हता, कडा हाताला गुळगुळीत लागत होत्या.

आणि एकालाही कान नव्हता.