नळीतला बुडबुडा

माझा कान एका कॉम्प्युटरला चिकटलेला असताना तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

दुकानात मी खरं तर एक लहानसा पंखा बदलून घ्यायला गेले होते. माझ्या टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर दिवसभर घरघरायचा, आणि माझं तर पोटच आवाजावर. मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. दार लावायचं, भिंतींना जाड पांघरुणं टांगायची, घामाघूम होत जीव ओतून वाचायचं... आणि शेवटी ऐकायला काय येणार, तर नायिकेच्या विरहामागे चाललेली घरघर. त्यामुळे दुकानातल्या प्रत्येक यंत्राला कान लावून बघण्यात मला काही वावगं वाटलं नाही.

"ठोके नीट पडतायत का त्याचे?" मागून कुणीतरी विचारलं.

मी दचकून वळले, आणि माझं कोपर त्याच्या हातावर आदळलं. त्याच्या हातात एक पारदर्शक नळी होती, तापवून नुकतीच वाकवलेली. माझ्या देखत तिने मान टाकली. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नळीकडे बघत राहिला.

"गेली," तो म्हणाला. "सकाळपासून या एका वळणासाठी बसलोय."

"मग मागून येऊन बोलायचं कशाला?"

"दुकान माझं आहे, म्हणून."

असा हा माणूस. केस विस्कटलेले, बोटांवर भाजल्याचे डाग, आणि बोलण्यात कणभर घाई नाही. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं, तेव्हा मात्र त्याने हातातलं सगळं खाली ठेवून ऐकलं.

"पंख्याने गार करणार तर आवाज होणारच," तो म्हणाला. "पाण्याने करा. नळ्यांतून पाणी फिरतं, आतली उष्णता बाहेर नेतं. पंख्यांना मग जीव खाऊन पळावं लागत नाही."

"विजेच्या यंत्रात पाणी?"

"विश्वास ठेवा."

"तुमच्यावर? आत्ता तर ओळख झाली."

"तेवढ्यात एक नळी मोडलीत की माझी. मी काही म्हटलं का?"

मी मनातल्या मनात त्याचं नाव प्लंबर ठेवून टाकलं. पाण्याने गार होणारं नवं यंत्र बनवायला सांगितलं आणि दोन अटी घातल्या. एक, आवाज नको. दुसरी, दिवे नकोत. त्याच्या मागच्या फळीवर सगळी यंत्रं लाल-निळी-जांभळी होऊन लुकलुकत होती, आणि मला बघूनच डोकेदुखी सुरू झाली होती.

"दिवे आवाज करत नाहीत," तो जरा दुखावून म्हणाला.

"डोळ्यांना करतात."

घाई मला का होती, तेही सांगते. एका प्रकाशनाला एक लांबलचक, अनेक भागांची कादंबरी एकाच आवाजात हवी होती. वर्षभराचं काम. असं काम माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. चाळणी लागत लागत दोनच आवाज उरले होते, एक माझा आणि एक कुणा दुसरीचा. सोमवारी सकाळी नमुन्याचा उतारा पाठवायचा होता, आणि मागचा नमुना "मागे काहीतरी घुमतंय" म्हणून परत आला होता. आता घुमलं तर संपलं.

"शुक्रवारी देतो," प्लंबर म्हणाला होता.

मी धीर न धरता बुधवारीच डोकावले. त्याने जोडलेल्या दोन नळ्या पुन्हा सोडवल्या होत्या, कारण त्या म्हणे एकमेकींना समांतर नव्हत्या.

"कितीने?"

"केसभर."

"कुणाला दिसणार आहे ते?"

"मला."

"तुम्ही काय माझ्या घरी येऊन बसणार आहात का?"

त्याचे कान लाल झाले. मला ते उगाचच दिसलं, आणि दिसलं म्हणून मी आणखी चिडले.

गुरुवारी गेले, तर स्वारी यंत्रापुढे उकिडवी बसलेली. नळ्यांतून पाणी फिरत होतं, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची घडी होती, आणि हा एकेका कागदाला बोट लावून बघत होता.

"गळती बघतोय," तो म्हणाला. "दिवसभर नुसतं पाणी फिरवायचं. कागद कोरडे राहिले तरच बाकीच्या भागांना वीज द्यायची."

"आणि ओले झाले तर?"

"सगळं उतरवून पुन्हा."

"मी डोकं आपटून घेईन."

"यंत्राच्या काचेवर नका आपटू, चरा पडेल."

शुक्रवारी फोन आला की एक दिवस लागेल अजून. शनिवारी मी भांडायच्या तयारीनेच गेले, तर तिथे आमचे बाबा. बाबांना अलीकडे फार कमी ऐकू येतं, त्यामुळे ते स्वतः सगळ्या जगाला ऐकू जाईल असं बोलतात.

"दिवे मी सांगितले," त्यांनी अख्ख्या दुकानाला कळवलं. "हा मुलगा लावतोय. तू मध्ये पडू नकोस."

मुलगा खाली मान घालून दिव्यांत गुंतला होता. पंखे निळे, तर नळ्यांखालची पट्टी हिरवट. पुढची रांग आपल्याच तालात उघडझाप करणारी. या सगळ्यांना एका सुरात आणायचं काम चाललं होतं.

"माझं वर्षभराचं काम हातातून चाललंय," मी म्हटलं, "आणि तुम्ही निळ्याशी निळा जुळवताय."

"तुम्ही एखादं वाक्य मनासारखं येईपर्यंत किती वेळा वाचता?"

हा प्रश्न मला अजिबात आवडला नाही. त्याचं खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं.

रविवारी यंत्र घरी आलं. प्लंबरने ते कुठे खरचटू न देता माझ्या टेबलाखाली ठेवलं, सुरू केलं आणि बाजूला झाला. काचेमागे निळसर उजेड हळूच पसरला. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं, पण ते मी बोलले नाही. मी डोळे मिटून ऐकलं.

"पाणी गुळगुळतंय."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"मला येतंय ना."

त्याने वाकून कान लावला, बराच वेळ. "बुडबुडा," तो शेवटी म्हणाला. "कुठेतरी हवा अडकलीय. यंत्र कलंडवून बाहेर काढावी लागेल. धरता का एका बाजूने?"

मग आम्ही दोघं जमिनीवर गुडघे टेकून बसलो, मध्ये ते अवजड धूड.

"तुमच्याकडे... अजून थोडं... बास. हलू नका आता."

"माझे हात भरून आलेत."

"बोलू नका, निघालाय तो."

नळीतून एक लहानसा बुडबुडा वर सरकत होता. त्याने जीव लावून केलेल्या वळणावर तो आला आणि तिथेच रेंगाळला. मी श्वास रोखून बघत होते. मग जाणवलं, की समोरचा माणूस बुडबुड्याकडे बघतच नाहीये. डोक्याला डोकं लागेल एवढ्या अंतरावर त्याचे डोळे होते.

"बुडबुडा तिकडे आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"निघाला का रे?" बाबा चहाचे कप घेऊन दारातून गरजले. आम्ही दोघं दचकलो, यंत्राला हिसका बसला आणि बुडबुडा सुळकन वर निघून गेला. त्यानंतर खोलीत जी शांतता झाली ती मी कितीतरी महिने शोधत होते. आणि त्या शांततेत मला ऐकू काय आलं, तर माझ्याच छातीची धडधड. मी मनात कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी सकाळी वाचायला बसले, तर माझ्या आवाजाबरोबर दिवे हलायला लागले. हळू वाचलं की उजेड खाली विझत यायचा; आवाज चढला की नळ्यांवरून वर धावायचा. आता हे काय नवीन, म्हणून मी वैतागले, पण थांबायला वेळ नव्हता. दाराला काच आहे. पलीकडे बाबा खुर्ची टाकून दिवे बघत बसले होते. वाचून झालं. सुरुवातीचं थोडं ऐकलं, ठीक वाटलं, पाठवून दिलं.

दुपारी प्रकाशनाच्या संपादकबाईंचा फोन आला.

"अहो, आवाज सारखा वरखाली होतोय. कुणीतरी बटण पिळत बसल्यासारखा. संध्याकाळी आमची बैठक आहे. त्याआधी नीट करून पाठवा, नाहीतर आम्ही दुसऱ्या बाईंना कळवतो."

यानंतर मी प्लंबरला फोनवर जे बोलले ते छापण्याजोगं नाही. तो आला तेव्हा हेल्मेटसुद्धा डोक्यावरच होतं. दोन-चार ठिकाणी उघडून बघितलं, आणि त्याचा चेहराच उतरला.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "तुमच्या आवाजावर दिवे चालावेत म्हणून तुमचा माइक मी दिव्यांच्या प्रोग्रामला जोडला होता. तो आपल्या मनानेच माइक कमी-जास्त करत बसला. तुम्ही हळू वाचलं की वाढवायचा, मोठ्याने वाचलं की दाबायचा."

"कुणी सांगितले होते हे उपद्व्याप?"

त्याने दाराकडे बघितलं. काचेपलीकडे बाबा होते.

"ते म्हणाले, पोरगी दिवसभर वाचते आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही. निदान दिसलं तरी पुरे." त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "तुम्हाला सांगू नको म्हणाले. म्हणाले, रडेल."

"मी नाही रडत."

"बरं," तो म्हणाला आणि खिशातून रुमाल काढून दिला.

माझा राग जाणार कुठे, तेच मला कळेना. बाबांवर काढता येत नव्हता, आणि हा तर समोर असा उभा होता, की शिक्षा सांगा, भोगतो. मी नाक पुसलं, आवाज खाकरून बघितला. तेवढ्यात त्याने माझ्या खणातला जुना हेडफोन काढला, त्याचा माइक दिव्यांना जोडला आणि माझा माइक मोकळा केला.

"दिवे चालू राहतील. तुमच्या आवाजाला आता कुणी हात लावणार नाही," तो म्हणाला. "मी इथेच थांबतो. मध्ये काही बिघडलं तर लगेच कळेल."

"थांबा. पण हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि त्या यंत्राला बोटसुद्धा लावायचं नाही."

तो कोपऱ्यात जमिनीवर, पांघरुणाला पाठ टेकून बसला. मी वाचायला लागले. उताऱ्यात एक बाई असते, तिचा माणूस दारातून निघालेला असतो, आणि सगळं बोलायचं राहून गेल्यावर ती एवढंच म्हणते, "थांब ना जरा." सकाळी हे वाक्य मी कागदावर बोट ठेवून वाचलं होतं. आता त्या ओळीला माझी नजर कशी कुणास ठाऊक, वर गेली. तो ओठ घट्ट मिटून, श्वासही जपून घेत बसला होता. एवढी बडबड करणारा माणूस माझ्यासाठी पुतळा होऊन बसला होता. मला तो आवडत होता. नको तितका आवडत होता, आणि नेमकं आजच हे कळायचं होतं.

या वेळी शेवटपर्यंत ऐकून मगच पाठवलं. बाबा आत येऊन बसले. चहा झाला. फोन वाजला तेव्हा बाबांना कळावं म्हणून मी आवाज पार वर नेऊन स्पीकर लावला.

"आता छान झालंय," संपादकबाई म्हणाल्या. "काम तुमचंच. बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं."

मी डोळे मिटून घेतले. सुटले, असं वाटलं.

"एक सांगू का?" त्या पुढे म्हणाल्या. "ते 'थांब ना जरा' आहे ना... सकाळी तुम्ही ते वाचलं होतंत. आत्ता तुम्ही ते कुणाला तरी म्हणालात. अख्खं पुस्तक तसंच वाचा."

फोन ठेवला गेला. स्पीकर पूर्ण आवाजात लावलेला असल्यामुळे बाबांना शब्दन् शब्द ऐकू आला होता. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. रिकामे कप उचलले, बाहेर गेले, आणि दार नीट लावून घेतलं. खुर्चीसुद्धा काचेपुढून बाजूला सरकवली.

"कुणाला म्हणालात?" प्लंबरने विचारलं.

"खोलीत दुसरं कोण होतं?"

"नाही, म्हणजे... विचारून घेतलेलं बरं."

"वर्षभराचं काम आहे," मी खिडकीकडे बघत म्हटलं. "आणि त्यांना सगळं पुस्तक असंच हवंय."

तो गंभीरपणे विचार करायला लागला. "दुकान दुपारी बंद असतं माझं," तो म्हणाला.

"मी दुकानाच्या वेळा विचारल्या का तुम्हाला?"

"मग काय विचारताय?"

"काही विचारत नाहीये, सांगतेय. तुम्ही शब्द पाळत नाही, न विचारता भलते उद्योग करता, समोरच्याचा जीव टांगणीला लावून नळ्या वाकवत बसता. आणि तरीही मला आवडता. झालं समाधान?"

तो हसला नाही. उठून माझ्याजवळ आला, समोर बसला, आणि मग एकदम चुळबुळ करायला लागला.

"मलाही एक सांगायचंय. पण तुम्ही चिडाल."

"मी चिडलेलीच आहे. सांगा."

"निळ्याशी निळा शुक्रवारी सकाळीच जुळला होता. बाबांचे दिवेही झाले होते. यंत्र तयार होतं." त्याने माझी नजर टाळली. "नेऊन दिलं असतं तर तुम्ही पुन्हा दुकानात कशाला आला असतात? शनिवारी भांडायला याल, म्हणून ठेवून घेतलं, आणि जुळलेले दिवे मुद्दाम पुन्हा बिघडवून बसलो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मला असा संताप आला, की काय सांगू. हा आता उठून पळून गेला तर भांडायचं कुणाशी, म्हणून मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला.