एक जूनचा फळा

"फळा कुठं गेला?" लुंबिनीने विचारलं.

देवणीच्या वाचनालयाबाहेर रोज दिनविशेषाचा फळा असायचा. आज कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं, ते सुट्टीत लिहायचं काम लुंबिनी, अंगद आणि करिश्माचं होतं. एक जूनचा मजकूर त्यांनी काल संध्याकाळीच लिहून ठेवला होता. शेवटची ओळ होती, 'स्मृतिदिन : भीमगीतगायिका पंचशीलाबाई.' ती लुंबिनीची आजी. तिला जाऊन आज वर्ष झालं. आजोबा ती ओळ वाचायला येणार होते.

आता तिथं गावचे पुढारी महांतेशभाऊंचा फ्लेक्स होता. डोळ्यांवर गॉगल, हात जोडलेले. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.'

"खाली खडूची भुकटी पडलीय बघ," करिश्मा म्हणाली.

अंगदने फ्लेक्सचा कोपरा उचलला. मागे फळाच होता. एक खिळा थेट आजीच्या नावातून गेला होता.

महांतेशभाऊ समोरच केकचं टेबल मांडून घेत होते. लुंबिनी तिकडे गेली.

"भाऊ, फ्लेक्स काढा. आज आमच्या आजीचा दिवस हाय."

"भिंतीत खिळा बसंना, म्हणून पोरांनी फळ्यावर ठोकला. उद्या काढू की. माझा पण आजच दिवस हाय."

"आज तर अर्ध्या गावाचा वाढदिवस हाय," अंगद पुटपुटला. "माझ्या बाबांचा, काकांचा. जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तर सरळ एक जून लिहायचे."

लुंबिनी थबकली. "मग ह्यांचा खरा कधी?"

तिघं पळत महांतेशभाऊंच्या आईकडे, शिवम्माआजींकडे गेले.

"पोळ्याला झाला की," त्या म्हणाल्या. "बैलं वेशीत अन् मी कळा देत होते."

"हे तिथं येऊन सांगता का, आजी?" लुंबिनीने विचारलं.

महांतेशभाऊंनी सुरी उचलली, तेवढ्यात शिवम्माआजी पुढे आल्या. "तू पोळ्याचा. आज कसला केक कापतोस?"

लोक हसले. महांतेशभाऊ ओशाळले. "अव्वा, कागदावर हीच तारीख हाय."

"तुमचा वाढदिवस पोळ्याला करता येतो," लुंबिनी म्हणाली. "माझी आजी आजच गेली. तिला दुसरा दिवस न्हाई. अन् तुम्ही तिच्या नावात खिळा ठोकलाय."

आता कुणी हसलं नाही. गर्दीच्या कडेला आजोबा येऊन उभे होते. महांतेशभाऊंनी त्यांना पाहिलं, सुरी खाली ठेवली आणि पक्कड मागवली. सगळे खिळे त्यांनी स्वतः उपटले. फ्लेक्सने घासून निम्मी अक्षरं पुसली गेली होती.

"शाबास गं पोरी. तिघांनी बरं केलं," शिवम्माआजी म्हणाल्या.

"शाबासकी राहू द्या, आजी. आधी कुणीतरी खडू द्या."