कवचलेख

खाडीतल्या तिसऱ्यांची शिंपलं आता बोटाने दाबली तरी फुटत. समुद्राने हवेतला कर्बवायू पिऊन पिऊन आंबटपणा धरला होता, आणि आंबट पाण्यात चुन्याचं कवच विरघळतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. उरल्यासुरल्या टोपलीभर तिसऱ्या शेवंती खवणेकरने किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेच्या टाकीत आणून सोडल्या होत्या. तिचा जन्म त्या काढण्यात गेला होता. टाकीतल्या मेल्या की जात संपली.

त्या वाचवायला प्रयोगशाळेतल्या डॉ. नलिनी सोहोनींची सारी मदार कवचलेखावर होती. कवच बांधताना प्राणी आपल्या प्रथिनांचे धागे त्याच्या थरांत कोंडून ठेवतो. ते वाचले, की कवच बांधायची पाककृतीच हाती येते आणि ती तिसऱ्यांच्या पिल्लांत उतरवता येते. मात्र पाककृती हवी होती आंबट समुद्रात तगलेल्या मृदुकाय, म्हणजे शिंपल्यांच्या कुळातल्या, प्राण्याची. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या, कँब्रियन युगाच्या आरंभीच्या अशा एका समुद्राचा तळ हिमालयातल्या एका कड्यात चुनखडक होऊन बसला होता. बोगद्यासाठी कडा उडवण्याआधी बाईंनी चार पोती खडक मिळवला.

खडक सौम्य आम्लात भिजवायचा, चुना विरघळला की मोहरीएवढे जीवाश्म गाळात उरतात. ही त्यांच्या धंद्यातली जुनी रीत. कवचही विरघळलं तर, अशी शंका सहकाऱ्यांनी काढली होती. "जे आंबट समुद्रात टिकलं, ते माझ्या बादलीत टिकणारच," म्हणून बाईंनी चारही पोती रिकामी केली. शहाण्या माणसाची चूकही शहाणीच असते.

"गावला काय ता जनावर?" शेवंतीने दारातूनच विचारलं.

"मिळालं. टोपीसारखा आकार, बाजूला पाणी घ्यायची नळी. जात अगदी नवी."

"मगे तुमचा तोंड असा उतारलेला कित्याक?"

बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावलं. टोपीवर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी होती. "ही नक्षी कवचाच्या आतल्या अंगाला असते, शेवंतीबाई. इथे ती बाहेर दिसतेय. म्हणजे हे कवच नव्हे, आत शिरून आम्लात न विरणारा दगड झालेला गाळ, भराव. करवंटी जाऊन खोबऱ्याची वाटी उरावी, तसा."

"करवंटी खय गेली?"

"माझ्या बादलीत." बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला. "त्या कवचात काही जादू नव्हती. झिजेल तसं ते जनावर पुन्हा बांधायचं, जिवंत असेपर्यंत. मेल्यावर नुसता चुना. खडकाने कोट्यवधी वर्षं सांभाळला, मी धुऊन टाकला."

"दुसरो दगड?"

"कडाच उरला नाही."

"तुमच्या भरवशार टोपली आणलंय मी!" शेवंती ओरडली आणि मटकन खाली बसली. बाई रडत होत्या. त्यांची समजूत घालण्याचं त्राण शेवंतीत नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवून तिने विचारलं, "ह्याका नाव देतालात?"

"देईन. नावापुरता भराव चालतो."

"मगे आमच्या तिसऱ्यांचोय भराव करून ठेवा. कोणतरी येतला, बघतला, नाव घेतला."

"मेल्यावर कवच लगेच विरतं," बाई हळूच म्हणाल्या. "करायचा तर जिवंतपणीच कापून, पोकळ कवचात ओतावा लागेल."

शेवंती उठली. टाकीत हात घालून तिने सगळ्यांत मोठी तिसरी निवडली आणि तळव्यावर धरली. तिसरी जराशी उघडली. वाळू शोधत तिचा मऊ पाय शेवंतीच्या बोटांमधून पुढे सरकू लागला.

"कापा," शेवंती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.